ए बाजूचं पहिलं गाणं

माझ्या मोठ्या मावशीला दुसरं गाणं माहीत नाही. कुठल्याही जुन्या कॅसेटचं पहिलं गाणं लावा, ती दोन सुरांत कॅसेट ओळखेल, गाणाऱ्याचं नाव सांगेल, वरच्या कागदावर कुठल्या रंगाचे कपडे घालून तो उभा होता तेही सांगेल. पण ते संपून दुसरं गाणं लागलं की मावशी परक्या घरात आल्यासारखी बसते. "हे काय आहे बाई?" म्हणून विचारते. आम्ही भाचरं यावरून तिची फार खेचायचो.

कारण साधं आहे. मावशीची सगळी नोकरी कॅसेटी भरायच्या कारखान्यात गेली, तपासणीच्या टेबलावर. भरून आलेल्या गठ्ठ्यातून एक कॅसेट उचलायची, हेडफोन चढवायचा आणि ए बाजूचं पहिलं गाणं ऐकायचं. दोन्ही कानांत सारखं येतंय ना, वेग बरोबर आहे ना, मागे खरखर नाही ना, एवढं बघायचं. ठीक असेल तर पास, गठ्ठा पॅकिंगला. नाहीतर नापास, गठ्ठा आल्या वाटेने परत. शेजारच्या टेबलावर दुसरी बाई बी बाजू ऐकायची. दुसरं गाणं ऐकायला वेळ होता कोणाला?

पण इतकी पहिली गाणी ऐकल्यावर माणसाला मतं फुटतातच, आणि मावशीची मतं म्हणजे काळ्या दगडावरची रेघ. पहिल्या गाण्याने घसा खाकरत सुरू व्हायचं नाही. वाद्यंच वाजत राहिली तर ती म्हणायची, "हा गृहस्थ दारात उभा राहून नुसते पाय पुसतोय, आत कधी येणार?" तिचं सगळ्यात लाडकं पहिलं गाणं एकट्या आवाजाने सुरू व्हायचं, वाद्यं दुसऱ्या ओळीला हळूच येऊन मिळायची. दुसरं लाडकं लहान मुलांच्या कॅसेटवरचं. त्यात गाणारी बाई मधेच खुदकन हसली होती आणि कोणी ते हसू काढलं नव्हतं. "नापास करायला निघाले होते मी," मावशी सांगायची. "मग म्हटलं, राहू दे. हसली तर हसली बिचारी." बी बाजूच्या पहिल्या गाण्याबद्दल मात्र तिला काडीचा आदर नव्हता. पाहुणे जेवून गेल्यावर पातेल्यात उरतं ते, असं तिचं म्हणणं.

आता मुख्य गोष्ट. आमच्याकडे बहिणी तीन: ही मोठी मावशी, मधली माझी आई आणि धाकटी मावशी. मोठी आणि धाकटी गायच्या, तेही जोडीने. आईचा आणि सुरांचा छत्तीसचा आकडा, म्हणून ती कायमची श्रोता. पुढे एका कॅसेट कंपनीने दोघींना आवाज ऐकवायला बोलावलं. ऐकून झाल्यावर तिथल्या साहेबाने धाकटीला बाजूला घेतलं आणि सांगितलं, "आम्हाला एकच आवाज हवाय." धाकटी जागच्या जागी हो म्हणाली. घरी येऊन मात्र तोंडातून शब्द काढेना. मोठीला ही बातमी कोपऱ्यावरच्या दुकानदाराकडून कळली. "मला विचारलं असतंस तर मीच तुला पाठवलं असतं," एवढं मोठी बोलली आणि पुढे बोलणं बंद. दोघींच्या नाकावर माशी बसायची नाही, मग माघार घेणार कोण?

नंतर मोठीला कारखान्यात नोकरी लागली. त्या कंपनीच्या कॅसेटी तिथेच भरल्या जायच्या. आईचं काम निरोप पोचवायचं. मोठीला काय होतंय ते धाकटीला सांगायचं, धाकटीचं काय चाललंय ते मोठीला. दोघी मान दुसरीकडे वळवून ऐकायच्या, पण ऐकायच्या. मग धाकटीची एकटीची कॅसेट आली, फारशी खपली नाही, आणि काहीतरी फिसकटलं. मोठीचं नाव निघालं की धाकटी उठून आत जाऊ लागली. गाणं रेकॉर्ड करणंही तिने सोडलं. घरी मुलांना शिकवायची तेवढंच. काय झालं ते आईलाही कळलं नाही, आणि बहिणींची ही अढी उरात घेऊनच आई गेली. तिच्यामागे निरोप पोचवणारंही कोणी राहिलं नाही.

यंदा धाकटी मावशी घर बदलत होती. मी मदतीला गेले. खोक्यांत सामान भरताना एक कॅसेट सापडली, वर कागद नाही की नाव नाही. जुना टेप चालू होता, मी ती लावून पाहिली. मावशीचा तरुण आवाज. एक ओळ झाली, मग नुसती वाद्यं. पुढची ओळ, पुन्हा नुसती वाद्यं.

"मावशी, खराब झाली गं ही. मधे मधे आवाज जातोय."

"जात नाही," ती भांडी कागदात गुंडाळत म्हणाली. "ती जागा तुझ्या मोठ्या मावशीची आहे."

मग तिने सांगितलं. लहानपणी संध्याकाळी आजी कामावरून येईपर्यंत या दोघी जिन्यात बसायच्या आणि गाण्यातून एकमेकींशी बोलायच्या. धाकटीने प्रश्न विचारायचे: दार लावलं का, दूध उतू गेलं का, चंद्र कुठवर आला. मोठीने उत्तरं द्यायची. ते गाणं धाकटीने आपल्या कॅसेटवर घेतलं, फक्त प्रश्न गायली आणि उत्तरांच्या जागा मोकळ्या ठेवल्या. ते पहिलंच असलं पाहिजे, असा हट्ट धरला. साहेब म्हणाला, "संथ आहे, दुकानात गिऱ्हाईक पहिलं गाणं ऐकून पाठ फिरवेल." ती म्हणाली, "वरच्या कागदावर माझा फोटोही नको, पण हे पहिलं ठेवा." कारण माझ्या आईकडून तिला एक गोष्ट पक्की ठाऊक होती. ताई ऐकते ते पहिलं गाणं, आणि तेवढंच ऐकते.

"मग?"

"मग काय. कारखान्यातून गठ्ठा परत आला, ही त्यातलीच एक. तपासणीत नापास. मी विचारलं, कोणी केलं? म्हणे, ए बाजूच्या टेबलावरच्या बाईंनी. साहेबाला तेच हवं होतं, त्याने गाणंच काढून टाकलं." तिने पुढचं भांडं उचललं. "तिने ऐकलं आणि नको म्हणाली. उत्तर मिळालं मला. तू ते खोकं बंद कर."

मला राग आला, खरं सांगते. मोठीचा आला. कॅसेट आणि टेप घेऊन मी दुसऱ्या दिवशी तिच्या स्वयंपाकघरात जाऊन बसले. ती वाटाणे सोलत होती.

"धाकटीच्या कॅसेटचं पहिलं गाणं तू नापास केलंस?"

"केलं की. दर दुसरी ओळ गायब होती."

"तू ऐकलंस ते?"

तिचा हात थांबला. "नाही," ती म्हणाली.

मग तीही बोलायला लागली, वाटाण्यांकडे बघत. "गठ्ठ्यावर तिचं नाव होतं. मी बी टेबलवालीला म्हटलं, आज तू माझ्या जागी बस, मी तुझ्या. का, तर मला ते पहिलं गाणं आवडलं असतं तर? मग मी भांडण कुठे ठेवलं असतं? इतकी वर्षं सांभाळलेलं." तिने सालं एका बाजूला केली. "थोड्या वेळाने ती बाई म्हणाली, अहो, यात एक ओळ आहे आणि एक नाही. मी म्हटलं, मग विचारतेस काय, नापास कर. नियमच होता तसा. टेबल माझं, म्हणून नाव माझं लागलं."

"त्या ओळी तुझ्या होत्या," मी म्हटलं आणि जिन्यातलं गाणं सांगितलं. सगळं सांगितलं, फोटोसकट.

मावशीने हात पुसले, कपाटातून जुना हेडफोन काढला, टेपला लावला. मला काहीच ऐकू येत नव्हतं, फक्त तिचं तोंड दिसत होतं. ती तपासणीला बसायची तशी बसली, ताठ, डोळे मिटून. ओठ एकदाही हलले नाहीत. डोळ्यांतून पाणी येत होतं आणि ती ते पुसत नव्हती. गाणं संपल्याबरोबर तिने बटण दाबलं.

"मी किती मूर्ख आहे गं," ती म्हणाली. "चल. मला तिच्याकडे ने."

वाटाणे तसेच ओट्यावर टाकून आम्ही निघालो.

धाकट्या मावशीने दार उघडलं. मला वाटलं आता रडारड होणार, पण आमच्याकडच्या बायकांना ते जमत नाही. "ये," ती म्हणाली आणि बसायला जागा हवी म्हणून एका खोक्यावरचे पडदे उचलले. मोठी बसली नाही.

"मी न ऐकता नापास केलं," ती उभ्या उभ्याच म्हणाली. "तुला वाटलं ऐकून केलं. ऐकलं असतं तर केलं नसतं."

"न ऐकता?"

"घाबरले. आवडलं असतं म्हणून."

धाकटी पडदे हातात धरून उभी राहिली. "आणि मी तुला न विचारता गेले," ती म्हणाली. "विचारायला हवं होतं, ताई."

"हो, हवं होतं."

"मग आता ऐकलंस?"

"ऐकलं."

"कसं आहे?"

मोठी मावशी विचारात पडली. असल्या प्रश्नाला वरवरचं उत्तर देणं तिला आयुष्यात जमलं नव्हतं. "गाणं चांगलं आहे," ती म्हणाली. "सुरुवात तर फारच चांगली. पण मला जागा पुरत नाही त्यात. तू ती माझ्या तेव्हाच्या दमाने मोजलीस. आता तुझा हा एक मजला चढले तरी धाप लागते मला. एवढ्यात माझी ओळ व्हायची नाही."

धाकटीने पडदे खाली ठेवले. "कॅसेट राहू दे मग," ती म्हणाली. "मी विचारते. तुला लागेल तेवढा वेळ घे, तोवर पुढचं मी म्हणणार नाही."

तिने तिथेच, खोक्यांच्या मधे उभं राहून, पहिला प्रश्न गायला. आवाज जरा घोगरा झालाय तिचा. मोठ्या मावशीने भिंतीला हात टेकून श्वास घेतला, तो पुरेना म्हणून आणखी एक घेतला. धाकटी थांबून राहिली.