रिकाम्या खुर्चीबद्दल बाबांचं मत

बाबा जाऊन तीन वर्षं झाली, तरी ऑक्टोबर उजाडला की मला ते आमच्या जर्मनीतल्या, वाल्डॉर्फच्या घरात दिसतात. तालुक्याच्या कोर्टात बेंच क्लार्क म्हणून त्यांचा जन्म गेला होता, आणि इथे माझ्याकडे राहायला आले तेव्हा मी त्यांना उठता-बसता शिकवत असे. बाबा, सायकलच्या पट्ट्यावरून चालू नका, लोक ओरडतात. बाबा, आज रविवार आहे, काचेच्या बाटल्या डब्यात टाकायच्या नाहीत, आवाज होतो. ते निमूट ऐकायचे. बेकरीतल्या बाईच्या प्रत्येक वाक्याला मात्र हसून "गेनाऊ", म्हणजे 'अगदी बरोबर', म्हणायचे, तेवढंच त्यांचं जर्मन. किती गोड दिसायचे तेव्हा!

त्या ऑक्टोबरातल्या एका रविवारी अमेरिकेतून माझ्या धाकट्या बहिणीचा व्हिडिओ कॉल आला. तिच्या राज्यात मतदान होतं आणि मतपत्रिका टपालाने घरी आली होती. त्यात एक प्रश्न होता: न्यायाधीशाची जागा मध्येच रिकामी झाली, तर ती गव्हर्नरने भरावी की लोकांनी निवडणुकीने?

"बाबा, तुम्ही कोर्टातले. सांगा, काय करू?"

बाबा ताठ बसले. "दोन दिवस दे."

ते दोन दिवस घरात दुसरा विषय नव्हता. मी ऑफिसातून आले की दारातच प्रश्न. गव्हर्नर कोणाला विचारून नेमतो? निवडून आलेला जज्ज निकाल देताना मतदारांकडे बघणार नाही कशावरून?

"अहो बाबा, तिचं एक मत, त्यासाठी एवढं काय डोकं शिणवता?" मी वैतागून म्हणाले. आठवलं की अजून लाज वाटते.

मंगळवारी त्यांनीच फोन लावायला सांगितला. हातात टिपणांचा कागद.

"निवडणूक होईपर्यंत ती खुर्ची किती दिवस रिकामी राहणार, हे आधी बघ. आमच्याकडे एकदा वर्षभर साहेबच नव्हते. माणसं पहाटेच्या एस्टीने यायची, आणि मी पुढची तारीख द्यायचो. शिव्या मला! म्हणून निवडणुकीला नाही म्हण. जागा लवकर भरली पाहिजे."

"बरं बाबा, तसंच करते," ती म्हणाली.

मतपत्रिका तिने रविवारी फोन करायच्या आधीच टपालपेटीत टाकली होती. 'बाबांना बरं वाटावं म्हणून विचारलं गं,' असा मेसेज तिने मला त्याच दिवशी केला होता.

फोन ठेवल्यावर बाबांनी कागदाची घडी घातली. "पाकीट कधीच गेलंय तिचं. इतकी वर्षं साक्षी ऐकल्यात मी, कळतं मला."

मी ओशाळले. "मग तिला बोलला का नाहीत?"

"कशाला? खोटं का होईना, विचारलं तिनं." त्यांनी चष्मा काढून पुसायला घेतला. "मी आल्यापासून तू मला नुसतं सांगतेस."