अख्खा वाटा
मांदेलीच्या कालवणाचा वास आला की कळव्याचा मासळी बाजार आठवतो. नव्वदच्या सुमारास बायको सोडून गेली आणि मी एकट्यापुरतं रांधायला शिकत होतो. नेहमीच्या कोळणीला म्हटलं, "मावशी, मांदेलीचा अर्धाच वाटा द्या. आता एकटाच असतो." तिने क्षणभर माझ्याकडे पाहिलं आणि ओल्या हातांनी अख्खा ढीग माझ्या पिशवीत लोटला. "वाटा नाय मोडत मी. दोन दिस खा. कालवण मुरल्यावर गोड लागतं." त्या दिवशी ते नुसतं आंबट लागलं. दुसऱ्या संध्याकाळी कामावरून आलो, पातेल्यावरचं झाकण काढलं आणि वाटलं, घरात कोणीतरी माझ्यासाठी रांधून ठेवलंय. अजूनही मी वाटा अख्खाच घेतो.