बाबांचा उजवा हात

एकेकाळी जगभर गाजलेली एक जपानी व्हिडिओ गेमची कंपनी बंद पडल्याची बातमी सकाळी वाचली आणि बाबा आठवले.

अर्धांगवायूनंतर त्यांचा उजवा हात लुळा पडला होता. व्यायामाचं नाव काढलं की ते तोंड फिरवत. शेवटी ताईने त्या कंपनीच्या गेमचा रिमोट त्यांच्या हातात दिला. "बाबा, एक डाव खेळा ना माझ्याशी."

कित्येक दिवस ते हरत राहिले, चिडत राहिले; पण अंगठा हलू लागला. एका दुपारी ओरडले, "पोरी, हरलीस! परत लाव!"

तो गेम बनवणाऱ्यांना आमचं घर ठाऊकही नव्हतं. कंपनी बुडाली, त्यांनी मन लावून केलेलं काम मात्र आमच्यापर्यंत पोचलं होतं. त्या खेळामुळेच बाबा शेवटपर्यंत आपल्या उजव्या हाताने जेवले.