जोडलेले हात

आमच्या बिल्डिंगसमोरच्या हायवेवर अॅम्ब्युलन्सचा सायरन वाजला, की शेजारच्या मालतीकाकू हातातलं काम टाकून गॅलरीत येतात आणि आवाज विरेपर्यंत हात जोडून उभ्या राहतात. रस्ता अरुंद होता तेव्हा सायरन एकाच जागी अडकून आक्रोश करायचा. आत भाजी करपायची, पण काकूंचे हात सुटायचे नाहीत. "कुणाचं तरी माणूस आहे गं आत," म्हणायच्या.

आज रुंद झालेल्या रस्त्यावरून अॅम्ब्युलन्स आली आणि बघता बघता दिसेनाशी झाली. रुंदीकरणाच्या कामात इतकी वर्षं आम्ही जी धूळ खाल्ली, तिच्या पोटात हा एवढा मोकळा श्वास होता?

काकूंचे हात अजून पुरते जुळलेही नव्हते.

"गेलीसुद्धा?" त्या पुटपुटल्या. मग त्यांनी हात नीट जोडले. या वेळी रस्त्याला.