कागदावर नसलेली विहीर

"वो कुआँ नहीं है साहब, इन लोगों का गड्ढा है."

सेठ हे माझ्यासमोर बोलले. मी तिथेच थापी धरून उभा. नगरपालिकेच्या ओव्हरसियरने माझ्याकडे पाहिलं. "काय रे मिस्त्री, खड्डाच ना?"

मी मान हलवली. हो म्हणून. त्याची लाज मला अजून वाटते.

ती विहीर माझ्या बापाने खणली होती. दुसऱ्यांच्या विहिरीला आम्हाला शिवू देत नव्हते. वस्तीतली माणसं दिवसभर धानाची पोती वाहायची आणि संध्याकाळी माती उपसायची. सेठच्या मागच्या भिंतीपासून पंधरा पावलं.

स्वातंत्र्य मिळून सात-आठ वर्षं झाली. गोंदियात सेठच्या संडासाची सेप्टिक टाकी भरून वाहू लागली, तशी नोटीस आली. नियम कडक. टाकीचं पाणी जिरवायचा शोषखड्डा कुठल्याही विहिरीजवळ नको. दुरुस्तीच्या दाखल्यावर मिस्त्रीची सही हवी. सेठचा शोषखड्डा मागच्या भिंतीला लागून. आमची विहीर धरली, तर तो हलवून त्यांच्या धानाच्या गोदामाजवळ न्यावा लागणार. म्हणून आमच्या विहिरीचा खड्डा झाला.

मी कामाला लागलो. मागच्या गल्लीतून यायचं, तिथूनच जायचं. तहान लागली की मोलकरीण वरून ओंजळीत पाणी ओतायची. मला त्यात वावगंही वाटत नव्हतं, इतका सरावलो होतो. टाकीच्या भेगा बुजवल्या. मग बापाने शिकवलेली परीक्षा. संडासात बाटलीभर घासलेट ओतायचं आणि वास कुठे निघतो ते हुंगत फिरायचं. सेठच्या अंगणात वास नाही. त्यांच्या विहिरीला नाही. सेठ खूश.

तिसऱ्या दिवशी जेवताना आईने पाण्याचा गडू पुढे केला.

"बाबू, पान्याले घासलेटचा वास काऊन येऊन राहिला?"

मी गडू नाकाला लावला. घासलेटच. माझी धाकटी पोरगी महिनाभर हगवणीने झुरत होती. आई देवीला नवस बोलत होती. आम्ही सेठच्या घरची घाण पीत होतो, आणि मी मान हलवून मोकळा झालो होतो.

दुसऱ्या दिवशी ओव्हरसियर दाखला घेऊन आला. 'जवळपास विहीर: नाही' असं आधीच लिहिलेलं. मी घरून आणलेला गडू त्याच्यापुढे ठेवला.

"हुंगा साहेब."

त्याने हुंगलं. तोंड फिरवलं. सेठ ओरडले, "चुपचाप साइन कर! नहीं तो गोंदिया में काम नहीं मिलेगा!"

"नाही करत. विहीर हाये जी. माह्या बापानं खनली."

'नाही' खोडून मी 'आहे, पंधरा पावलं' लिहिलं. त्याखाली सही केली. आणि पुढच्या दाराने बाहेर पडलो.

सेठचं बोलणं खरं झालं. मला काम मिळेना, मी विड्या वळू लागलो. दुसऱ्या मिस्त्रीने त्यांना हवी तशी सही दिली. शोषखड्डा तिथेच राहिला.

पण ती टाकी उपसायला माणसं लागतात, आणि ती माणसं आमच्याच वस्तीतली. मी घरोघर गेलो. प्रत्येकाला गडू हुंगायला दिला. आता ठरलं आहे. शोषखड्डा हलेपर्यंत त्या टाकीत आमचा एकही माणूस उतरणार नाही. भरू दे ती. वाहू दे त्यांच्याच अंगणात.