पडौकचा लाल भुसा

२० जानेवारी, सोमवार. सकाळी मी डस्ट कलेक्टरच्या पिशव्या रिकाम्या करून घेत होते. डस्ट कलेक्टर म्हणजे मशीनवर उडणारा भुसा ओढून पिशवीत गोळा करणारा मोठा पंखा. पिशव्या गच्च भरल्या की तो ओढायचा थांबतो आणि भुसा शेडभर तरंगत राहतो. म्हणून हे काम मी स्वतः उभी राहून करून घेते.

तेवढ्यात काशिनाथ आला. डोळ्यांच्या फटी झालेल्या, मानेवर पुरळ, मनगटापासून कोपरापर्यंत लाल चट्टे.

"हे काय?"

"बिब्बा उतलाय, मॅडम. रानात लाकडं आणताना लागला आसंल. जाईल चार दिसांत."

आमच्या भागात बिब्बा उतणं नवं नाही. त्या झाडाचा चीक लागला की कातडी भाजल्यासारखी होते. लोक खोबरेल चोपडतात आणि कामाला येतात. मीही तेवढ्यावर सोडलं.

आमचं वर्कशॉप शहापूर-किन्हवली रस्त्यावर आहे. दारं, टेबलं, पलंग बनवतो. गिऱ्हाईक बहुतेक मुरबाडकडचे फार्महाउसवाले. मी तिथे प्रॉडक्शन बघते. काशिनाथ आमचा पेपर मारणारा. पेपर मारणं म्हणजे पॉलिश चढवण्याआधी लाकूड घासून गुळगुळीत करणं. सोपं वाटतं, पण पॉलिशनंतर प्रत्येक ओरखडा दिसतो. काशिनाथच्या हाताखालून गेलेल्या दारावर मी कधी बोट ठेवू शकले नाही.

त्या वेळी काम चालू होतं ते पडौकचं. आफ्रिकेतून येणारं टणक लाकूड. ताजं कापलं की शेंदरासारखं लाल दिसतं आणि भुसाही तसाच लाल. मोबाइलवर फोटो बघून गिऱ्हाईक भुलतं.

चार दिवस गेले. बिब्बा काही गेला नाही. उलट खोकला सुरू झाला. माझ्या एक लक्षात आलं. बाही संपते तिथून चट्टे सुरू होत होते, मास्कखालची कातडी स्वच्छ होती. बिब्ब्याचा चीक बाही बघून लागत नाही. मी त्याला गाडीत घातलं आणि शहापूरला स्किनच्या डॉक्टरांकडे नेलं.

"लाकडाच्या धुळीची अॅलर्जी दिसते," डॉक्टर म्हणाले.

"अहो, दिवाळीच्या आधीपासून हेच लाकूड घासतोय तो. तेव्हा काही झालं नाही."

"तसंच असतं. शरीर आधी निमूट सोसतं. मग एक दिवस त्याला ती वस्तू नकोशी होते. त्यानंतर चिमूटभर धूळही पुरते." त्यांनी औषधं लिहून दिली. "दोन आठवडे धुळीपासून लांब ठेवा. उतरलं तर लाकूड. नाही उतरलं तर दुसरं काही शोधू."

 परत येताना किन्हवलीच्या अलीकडे काशिनाथ बोलला.

"मॅडम, शेठला लाकूड नका सांगू. बिब्बाच सांगा."

"का?"

"बिब्बा जातो. लाकूड निघालं तर मला जायला लागंल." मग म्हणाला, "पयलं आमी भट्टीवर जायचो, इटा पाडायला. आता परत भट्टीवर जायाला कंबर नाय ऱ्हायली."

मी शेठना लाकूडच सांगितलं. काशिनाथला दोन आठवड्यांची रजा दिली.

रजा संपली, तो आला, आणि मी बघतच राहिले. डोळे आणखी सुजलेले, चट्टे खांद्यापर्यंत चढलेले. शेठनी त्याला केबिनच्या काचेतूनच पाहिलं आणि मला आत बोलावलं. आमचे शेठ कल्याणचे, बोलायला रोखठोक.

"मॅडम, हा घरी बसला तरी अंग फुटतंय. म्हणजे आपल्या लाकडाचा संबंध नाही."

"डॉक्टर तर म्हणत होते..."

"डॉक्टरच म्हणाले ना, नाही उतरलं तर दुसरं काही? मग आता ऐका. लाकूड नसेल तर आपली जबाबदारी नाही. लाकूड असेल तर तो सुतार नाही. मी कल्याणहून दुसरा माणूस आणतोय. तुम्ही काशिनाथला काय ते एकदा नीट सांगून टाका."

 रविवारी सकाळी स्कूटर काढली आणि डोळखांबकडे निघाले. अशी गोष्ट फोनवर सांगायची नसते.

काशिनाथचा पाडा रस्त्यापासून थोडा वर आहे. तो पडवीत बसला होता. पुढ्यात भुशाची शेगडी. ही शेगडी म्हणजे पत्र्याचा डबा. मधोमध बाटली उभी धरायची, भोवती भुसा हाताने ठासून भरायचा आणि बाटली हळूच उपसायची. पडलेल्या भोकात खालून जाळ लावला की ती तासन्तास धुमसत राहते. थंडीत आंघोळीचं पाणी तिच्यावरच तापतं. काशिनाथ दोन्ही मुठींनी भुसा ठासत होता. भुसा लाल होता. त्याचे हातही कोपरापर्यंत लाल.

"काय करतोयस?"

"शेगडी भरतो. बायको म्हनते, बसलायस तर येवढं तरी कर."

"येवढंच करतो, मॅडम," हिराबाई आतून म्हणाली. "आन दिसभर बिब्बा बिब्बा करतो. बिब्ब्याचं झाड तरी दावा म्हनावं मला! औंदा रानात तर मीच गेलेली."

काशिनाथने मान खाली घातली.

भिंतीशी दोन गोण्या होत्या. दर शनिवारी वर्कशॉपमधून ज्याच्या त्याच्या वाटणीचा भुसा घरी जातो. फार जुनी पद्धत आहे ही.

"रजेवर होतास ना? दोन गोण्या कुठून आल्या?"

"शेडवरच्या पोरांनी आनून टाकल्या. आपल्यातली एक जादा दिली. आजारी मानूस, गरम पानी लागतं म्हनून."

"भुसा खाली ठेव."

"येवढी भरून होऊं दे ना."

"काशिनाथ, खाली ठेव. आणि हात धुऊन ये."

रजा काशिनाथला मिळाली होती, पडौकला नाही. दोन आठवडे तो शेडपेक्षा जास्त धूळ घरी हाताळत होता, तीही मास्कशिवाय. शेगडीचा धूर वेगळाच. मी त्याला समजावून सांगितलं. त्याने एकच विचारलं.

"म्हंजे लाकूडच ना?"

"हे लाकूड. सगळी लाकडं कशावरून?"

आम्ही गोण्यांवर पाणी ओतलं, म्हणजे भुसा उडणार नाही. शेजाऱ्यांनी परसात खड्डा खणून त्या पुरल्या. हिराबाईने घर ओल्या फडक्याने पुसून काढलं. झाडू मी लावू दिला नाही, कारण झाडूने धूळ फक्त जागा बदलते. शेठना फोन करून आणखी थोडी मुदत मागून घेतली.

पुढच्या रविवारपर्यंत डोळे उघडले, नंतर चट्टे उतरले. डॉक्टरांनी त्याला, पाठीवर वेगवेगळ्या लाकडांच्या भुशाच्या पट्ट्या चिकटवून करतात ती तपासणी करायला कल्याणला पाठवलं. पडौकच्या पट्टीखाली कातडी लालभडक झाली. सागाच्या पट्टीखाली काही नाही. रिपोर्ट आला त्या संध्याकाळी मी शेठना फोन लावला.

"म्हणजे जबाबदारी आपली," शेठ म्हणाले.

"हो."

"आणि तो सुतारही आहे."

"आहे. सागावर बसवते. मागच्या शेडमध्ये, पडौकपासून लांब."

"आणि भुसा?"

"पडौकचा भुसा यापुढे कुणाच्याच घरी जाणार नाही."

"पोरं बोंबलतील."

"बोंबलू देत."

दुसऱ्या दिवशी सोमवार होता. मी लवकर गेले. पडौकच्या सगळ्या गोण्या भिजवून मागच्या खड्ड्यात टाकून घेतल्या. पोरं बोंबललीच. त्यांना जळणाला सागाचे तुकडे न्यायला सांगितलं. मग काशिनाथला मागच्या शेडमध्ये नेलं, सागाचं दार दाखवलं, हातात नवा मास्क दिला.

"ह्यो कशाला, मॅडम? साग चालतो ना मला?"

"चालतो. दिवाळीत पडौकही चालत होतं."

त्याने मास्क बांधला. मी पिशव्या रिकाम्या करून घ्यायला गेले.