रुळांवरून माहेरी
पावसाळ्यात माजणाऱ्या तरोट्याच्या झुडपांचा ओला वास आला की आईबरोबर रुळांवरून चाललेली ती सकाळ आठवते. कारंज्याची लहान रेल्वेगाडी बंद होऊन वर्ष झालं होतं. मामा वारल्याचा फोन आला, पण आईच्या माहेरी एसटी जात नव्हती आणि मातीची वाट पावसानं चिखलात गेली होती. तरोट्यात बुडालेले रूळ पायानं चाचपत आई पुढं चालत होती. “हळू चाल ना माय,” मी म्हणाले. “माह्यासाठी किती वेळ थांबतीन ते?” आई म्हणाली. गावाजवळ पोचलो, तर माणसं स्मशानातून परतत होती. मामाचा मुलगा म्हणाला, “आत्या, लय वाट पाह्यली. वरतून पानी, कुठवर ठेवावं?” आई तिथंच बसली. “गाडी असती त भावाचं तोंड पाह्यलं असतं रे.” आता मी सासरी, मंगरूळपीरला असते. आईचा फोन रोज येतो. एखाद्या दिवशी उशीर झाला, की मी कपड्यांची पिशवी भरून ठेवते.